कोण राह्यलं हाय काय?

नारू कंडक्टर कुठल्याही झाडाचं चित्र काढायला बसण्याआधी त्या झाडाच्या मागे जाऊन येतो. उगीच नव्हे, रीतसर. आधी झाडासमोर उभा राहतो, खांद्यावरची कातडी पिशवी सारखी करतो, बुंध्याला डावीकडून वळसा घालतो आणि मागे पोचला की मोठ्यानं विचारतो, "कोण राह्यलं हाय काय?" उत्तर येत नाही. आमच्या कुंभारवाडा गावाच्या रानात झाडामागे राहून राहून राहणार कोण? फार तर एखादं वानर, आणि वानराला तिकिटाची भानगड नसते. नारू जरा थांबतो, "न्हाई," असं स्वतःशीच म्हणतो, उजवीकडून परत येतो, खाली मांडी घालतो आणि कोळसा हातात घेतो.

पाहुण्या माणसाला हे वेड वाटतं. आम्हा गावकऱ्यांना त्याचा खुलासा पहिल्यापासून ठाऊक होता, निदान आम्ही तसं समजत होतो. नारू जन्मभर सरकारी बसचा कंडक्टर, त्यातही मुक्कामाच्या गाडीचा. म्हणजे संध्याकाळी आमच्या गावात येऊन थांबणारी आणि सकाळी परत जाणारी गाडी. शेवटचा स्टॉप आला, माणसं उतरली, ड्रायव्हर बिडी ओढायला गेला, की कंडक्टरनं मागच्या सीटपर्यंत जाऊन बघायचं असतं. कुणी झोपलंय का, कुणाची पिशवी राहिलीय का, सीटखाली एखादं कोंबडं आहे का. तीच ही सवय. नोकरी माणसाला सोडते, सवय सोडत नाही, एवढं सांगून आम्ही पाहुण्यांची समजूत घालत असू आणि वर हसत असू.

हसण्यात मी पुढे. माझी गावात गिरण आहे, भात कांडायची आणि पीठ दळायची. दिवसभर पट्ट्याचा आवाज असल्यामुळे मला मोठ्यानं बोलायची आणि दुसऱ्याचं कमी ऐकायची सवय जडली आहे. नारूनं आणि मी एकाच शाळेत मार खाल्ला. सगळं गाव मला 'मारुती शेट' म्हणतं, तो अजून 'मारत्या' म्हणतो, आणि गिऱ्हाईक उभं असलं की जरा जास्तच मोठ्यानं म्हणतो.

रिटायर झाल्यावर माणसं काय करतात? कुणी सुपारी लावतो, कुणी सोसायटीच्या निवडणुकीत पडतो, कुणी व्याह्याशी भांडण उकरून काढतो. नारूनं फेरी चालू केली. सकाळी चहा झाला की खाकी शर्ट अंगात, गळ्यात शिट्टी, पिशवीत जुन्या कॅलेंडरांचे कागद, कोळशाचे तुकडे आणि एका डबीत भिजवलेली तांबडी माती. दारातून निघताना शिट्टी मारतो, "रैट!" म्हणतो आणि दिग्गी गावाच्या वाटेला लागतो. गाडी नाही, ड्रायव्हर नाही, पॅसेंजर नाही. फेरी मात्र चुकत नाही.

एकदा मी त्याच्याबरोबर गेलो. गिरणीचा पट्टा तुटला होता म्हणून, एरवी मी कसला जातोय. घर सोडल्यावर पहिल्याच झाडाशी तो ओरडला, "होल्डान!" आमच्या भागातल्या बसमध्ये कानडी, मराठी आणि कोकणी, तिन्ही बोलीच्या माणसांना कळणारा हा एकच इंग्रजी शब्द. होल्डान म्हटलं की थांबायचं. आम्ही थांबलो. नारू झाडाच्या मागे जाऊन आला. मग पुढचं झाड. परत होल्डान. माझ्या म्हशीला ओढ्यावर जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात नारूचं अंगणही संपलं नव्हतं.

"नारू, जरा भरभर चल की गा."

"ही एक्स्प्रेस न्हवं मारत्या. सगळ्या झाडांस्नी थांबनारी हाय. तुला गडबड आसंल तर उतर."

"उतरून जाऊ कुटं? सगळं रानच हाय."

"मंग गप बस."

बसायला सीट नव्हती ही गोष्ट वेगळी. पण त्या दिवशी मला कळलं की नारू रानाकडे बघतो ते गच्च भरलेल्या गाडीकडे बघावं तसं. बुंध्यावर मुंग्यांची रांग वर चढत होती आणि दुसरी खाली येत होती. नारू त्यांना म्हणाला, "उतरनाऱ्यांस्नी आदी उतरू द्या." वाऱ्यानं कललेल्या एका झाडाला त्यानं दांड्याला धरून उभं राहायला सांगितलं. एका माडावर पिंपळ रुजला होता आणि त्यानं माडाला पुरतं आवळून टाकलं होतं. त्याच्यापुढे नारू बराच वेळ उभा राहिला.

"ह्यो विदाउट तिकीट," तो म्हणाला. "मांडीवर जागा मागून बसला, आता सीट मालकाची ऱ्हायली न्हाई."

मी विचारलं, "त्या पलीकडच्या झाडाचं नाव काय गा?"

"नाव कशाला पायजे? तिकीट देताना मी काय नाव इचारत हुतो व्हय?"

झाडांची नावं त्याला खरोखरच येत नाहीत. किंदळाला मत्ती म्हणेल, मत्तीला भलतंच काही. पण कुठलं झाड कालच्यापेक्षा आज जरा खिन्न आहे हे तो छातीठोक सांगतो, आणि खोटं ठरवायची सोय नसल्यामुळे ते खरं धरावं लागतं.

आता चित्रांबद्दल. नारूच्या चित्रात झाड अर्धंच असतं. मुळं, बुंधा आणि साधारण माणसाच्या डोक्याच्या जरा वर आलं की कागद संपतो. शेंडा नाही, फांदी नाही, पान तर औषधालाही नाही. "वरचं झाड कुठाय?" असं विचारलं की म्हणतो, "टपावरचं आपल्याकडं न्हाई." बुंधा मात्र असा काढतो की सालीवरून बोट फिरवावंसं वाटतं. आणि प्रत्येक चित्रात बुंध्याच्या उजव्या कडेला लाल रंगाची एक उभी रेघ. बोटभर रुंद, कमरेइतक्या उंचीपासून खाली आलेली. झाड कुठलंही असो, रेघ आहेच.

ह्या रेघेवर गावात पुष्कळ विद्वत्ता खर्च झाली. शाळेतले गुरुजी म्हणाले, ती नारूची सही. एक जण म्हणाला, तोडायच्या झाडाला रानात खूण करतात, ती. मी म्हटलं, हा पान खाऊन थुंकलाय. माझ्या मताला सगळ्यात जास्त पाठिंबा मिळाला. खुद्द नारूला विचारलं तर एवढंच म्हणायचा, "ते आसतंय तितं."

ह्या चित्रांचं दुःख एकच होतं, ते म्हणजे ओल. आमच्या जोयडा तालुक्याचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको, ज्यानं नाही बघितला त्याला सांगून पटायचं नाही. चार महिने उशीला बुरशी, चपलेला बुरशी, देव्हाऱ्यातल्या देवालाही पुसून घ्यावं लागतं. नारू घरात एकटा. बायको गंगव्वा जाऊन काही पावसाळे झाले, मुलगी हुबळीला दिलेली. दोरीवर चिमट्यांनी लावलेली चित्रं तो चुलीच्या धुरावर धरायचा, उन्हाची तिरीप आली की अंगणात पळत न्यायचा. तरी दर साली कितीतरी कुजायची. कोळशाचं झाड हिरवं व्हायचं, मग काळं, मग हातात भुगा. एवढा थट्टेखोर माणूस, पण असा भुगा झाला की दोन-दोन दिवस बोलायचा नाही.

"मारत्या," तो मला म्हणाला, "मला दुसरं कायबी नको. कुटंतरी एक कोरडी भित पायजे."

कोरडी भिंत निघाली ती गणेशगुडीला. तिथं नदीकाठी आता लॉज उगवलेत. शहरातली माणसं रबरी होडीत बसून पाण्यात पडायला येतात आणि पडली की टाळ्या वाजवतात. त्यातल्या एका लॉजचा मालक रोहन, बेळगावचा. मोठी नोकरी सोडून तो झाडांकडे आला असं तो सांगतो. झाडांचं म्हणणं कुणी विचारलेलं नाही. माझा तांदूळ त्याच्याकडे जातो. गिरणीतून निघतो तेव्हा तो साधा तांबडा तांदूळ असतो, त्याच्या ताटात पोचेपर्यंत 'पारंपरिक हातसडी' होतो. त्यात हात कुणाचा, हे मी विचारत नाही.

एकदा मी टेम्पोत तांदूळ घालून निघालो तर नारू आला. पुढे बस म्हटलं तर बसला नाही, मागच्या फळीला धरून उभा राहिला आणि गणेशगुडीपर्यंत प्रत्येक वळणाला शिट्टी मारत आला. लॉजच्या दारात रोहननं नवीन पाटी लावली होती. मोठ्या देवनागरी अक्षरांत: 'मर वॉक. रोज सकाळी, अनवाणी.'

मी पाटी दोनदा वाचली. "रोहन, कुणावर राग हाय काय रे तुजा?"

"नाही हो अंकल! मर म्हणजे कन्नडमध्ये झाड ना. ट्री वॉक. लोकल टच."

लोकल टच खराच होता. कानडीत मर म्हणजे झाड, आणि मराठीत मर म्हणजे काय हे सांगायला नको. पाटी कानडी शब्दाची, अक्षरं मराठी, आणि वाचणारे पुण्याचे. एक आजोबा म्हणे सामान न सोडताच परत गेले होते. बाकीचे अनवाणी जायचे, पण जाताना घरी फोन करून.

मी हे नारूला सांगायला वळलो तर तो पाटीपुढे उभा राहून हसत होता. पोट धरून हसत होता. टॉवेलनं डोळे पुसायचा, परत पाटी वाचायचा आणि परत हसायचा. एवढं हसण्यासारखं त्यात काय आहे, मला कळेना. शेवटी तो रोहनला म्हणाला, "चांगलं लिवलंय. ह्येला कुणी हात लावू नका. आणि ही फेरी मी नेतो."

असा नारू लॉजवर लागला. आठवड्यातून एकदा माझ्या टेम्पोबरोबर यायचा आणि पाहुण्यांना रानात न्यायचा. काठावरची सगळी रानं त्याला नवी होती, तरी झाडामागे जाणं आणि "कोण राह्यलं हाय काय?" तसंच. पाहुण्यांना ते फार आवडलं. एक बाई म्हणाल्या, ह्या प्रश्नात उपनिषद आहे. एका तरुणानं तो दंडावर गोंदवून घ्यायचं ठरवलं. मुंग्यांना उतरू द्या म्हटल्यावर तर चष्मेवाल्या एका गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर कळलं, त्यांना मुंगी चावली होती. रोहन ह्या सगळ्याला 'माइंडफुल' म्हणायचा. नारूला वाटलं हे आपलं इंग्रजी आडनाव आहे, आणि हाक मारली की तो 'ओ' द्यायचा.

मग रोहननं चित्रं बघितली. जेवणाचा नवीन हॉल बांधून झाला होता, पावसात ओल येऊ नये म्हणून भिंतींना कसला कसला लेप दिलेला. तिथं ही चित्रं लावायची, काचेत घालून, कायमची. मी मनात म्हटलं, नारूची भिंत आली.

"फक्त एक आहे अंकल," रोहन मला बाजूला घेऊन म्हणाला. "तो लाल डाग. गेस्टना वाटतं कुणीतरी पान खाऊन थुंकलंय."

माझं मत शेवटी सुशिक्षित माणसालाही पटलं ह्याचा मला आनंद झाला. रोहननं एका चित्रावर अंगठा घासला. रेघ फिकी झाली आणि अंगठा लाल झाला. "निघतंय बघा. ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. तुम्ही सांगा त्यांना. डाग असेल तर मला जमणार नाही."

परतताना मी नारूला सांगितलं. तो टेम्पोच्या मागच्या फळीवर नव्हता, त्या दिवशी पहिल्यांदाच पुढे माझ्याशेजारी बसला होता.

"पूस की गा," मी म्हटलं. "बोटभर लाल. झाड तर ऱ्हातंय न्हवं?"

"झाड ऱ्हातंय. खरं गाडी रिकामी जात्या."

"भित पायजे का नको?"

"पायजे."

"मंग?"

वळणं आली, गेली, शिट्टी वाजली नाही. मी चिडलो. म्हटलं, हा माणूस आयुष्यभर सुट्ट्यासाठी भांडला, आता बोटभर रेघेसाठी भिंत घालवणार. घर आलं तेव्हा तो खाली उतरला आणि म्हणाला, "पुढच्या फेरीला पुसतो. दर साली कुजतंय, त्येच्यापरीस बरं."

पुढच्या खेपेला त्यानं सगळी चित्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणली. पिशवीत एक ओलं फडकंही होतं. "फेरी झाली की पुसतो," तो रोहनला म्हणाला. रोहन खूश. मीही खूश, आणि नारू पुसतो की नाही ह्यावर लक्ष ठेवायला म्हणून फेरीबरोबर निघालो.

पाऊस नुकताच सरला होता, जळवा अजून होत्या. अनवाणी पाहुणे झाडाला कान लावून झाडाचा आवाज ऐकत होते आणि जळवा पाहुण्यांना. मधूनच कुणीतरी किंचाळायचं, मग रोहन म्हणायचा, "श्वासावर लक्ष द्या." पुण्याच्या एक कुलकर्णी बाई होत्या, लाल ओढणीच्या. त्यांना झाडाच्या आवाजापेक्षा मुलीच्या फोनची काळजी जास्त होती. फोन उंच धरून त्या रेंज शोधत कधी मागे राहिल्या, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नारू एका मोठ्या झाडाशी थांबला. "होल्डान!" आम्ही थांबलो. मी त्याच्या मागेच होतो. झाड जुनं, बुंधा रुंद, आणि त्या बुंध्याच्या उजव्या कडेला कमरेच्या उंचीवर लाल रंगाची एक उभी रेघ होती. वाऱ्यानं जरा हलत होती.

इतकी वर्षं जे कागदावर बघून हसत होतो ते समोर उभं होतं. ती सही नव्हती, खूण नव्हती, पान तर नव्हतंच. कागदावरची ती रेघ म्हणजे झाडामागे उभ्या असलेल्या बाईचा पदर होता.

नारूनं मात्र उजवीकडे बघितलंच नव्हतं. तो नेहमीप्रमाणे डावीकडून वळसा घालून मागे गेला आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, "कोण राह्यलं हाय काय?"

"हो, मी आहे ना!" बुंध्यामागून उत्तर आलं.

मी धावलो. कुलकर्णी बाई हातात फोन घेऊन घाबरून उभ्या होत्या आणि नारू मुळावर खाली बसला होता, दोन्ही हात मांडीवर टाकून. "अहो काका, काय झालं? मी नुसती रेंज बघत होते," त्या परत परत म्हणत होत्या. नारू त्यांच्या ओढणीकडे बघत होता. मग म्हणाला, "काय न्हाई बाई. चला, पुढं सरका." पण स्वतः उठला नाही. बाकीच्या पाहुण्यांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग. तेही जागच्या जागी बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

त्या डोळे मिटलेल्या माणसांच्या मागे बसून नारूनं मला जे सांगितलं ते त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

गंगव्वा हुबळीकडच्या कलघटगीची. जात एक, पण तिचं माहेर पिढ्यान्‌पिढ्या तिकडचं, घरात सगळी कानडी. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी अक्षर कळत नव्हतं, आणि नारूच्या आईला कानडी. म्हातारी तोंडाची फटकळ. मीही तिच्या शिव्या खाल्ल्यात. भाकरी करपली की ती सुनेला उलथनं दाखवून म्हणायची, "मर तिकडं!" उलथनं अंगणाकडे, आणि अंगणात फणस. सुनेला वाटलं, सासू म्हणतेय: झाड, तिकडं. ती मुकाट्यानं जाऊन फणसापाशी उभी राहायची. वाटेनं येणारे-जाणारे बघतात म्हणून बुंध्याच्या मागे. म्हातारीला वाटायचं, काय शिस्तीची सून मिळाली, एवढं बोललं तरी उलटून बोलत नाही.

"मी डूटीवरनं यायचा," नारू म्हणाला. "सैपाकघरात न्हाई, परड्यात न्हाई. बघावं तर फनसाच्या कडंला इरकलीचा पदर. लाल. मंग मी मागं जाऊन इचारायचा, कोण राह्यलं हाय काय? तर ती आतनं म्हनायची, वंद टिकीट कोडरी, कलघटगी."

म्हणजे, एक तिकीट द्या, माहेरचं.

"आनि मंग तू काय म्हनायचास?"

"मी म्हनायचा, शेवटची गाडी गेली. आता मुक्काम. मंग हसायची आनि घरात यायची."

पुढे तिला मराठी आलं, मर म्हणजे काय तेही कळलं. तेव्हा ती दिवसभर हसली होती म्हणे. पण झाडाची रीत तिनं सोडली नाही. म्हातारी गेली, मुलगी झाली, तरी नवऱ्याशी बिनसलं की गंगव्वा झाडामागे. फक्त फणस पुरेना. राग जेवढा मोठा तेवढं झाड लांबचं. बहिणीच्या लग्नात मानपानावरून भांडण झालं तेव्हा दिग्गीच्या वाटेवर जाऊन उभी राहिली होती. नारूची फेरी म्हणजे त्यांच्या सगळ्या भांडणांची वाट होती. आम्ही त्या फेरीवर हसत होतो.

"घरात फोटो हाय तिचा," तो म्हणाला. "खरं त्यात ती समोर बघून ताठ हुबी हाय. तशी कवा हुबी ऱ्हायली ती? म्हनून ह्ये काडतो. पदराचा रंग तांबड्या मातीत मिळंना. तिच्याच करंड्यातलं कुक्कू घेतो." मग तो म्हणाला, "आमच्या वाटंवरची झाडं बघून झाली मारत्या. न्हाई कुटं. म्हनून हिकडं आलो. ह्या खेपंला लई लांबचं झाड धरलंय तिनं."

मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. बघायला होतं कोण? सगळ्यांचे डोळे मिटलेले होते.

लॉजवर परतलो तर पुढे निघून आलेला रोहन हॉलच्या दारात हातोडी आणि खिळे घेऊन तयार. नारूनं पिशवीतून ओलं फडकं काढलं. मी ते फडकं त्याच्या हातातून घेतलं आणि जळवेनं चावलेला माझा पाय पुसला. चांगला रगडून पुसला.

"चित्रं द्यायची न्हाईत," मी रोहनला म्हटलं.

"पण अंकल, आपलं ठरलं होतं. डाग तर निघतोच..."

"डाग न्हवं ते. पॅसेंजर हाय."

रोहननं 'वा' म्हटलं आणि ते वाक्य पाटीवर घालू का म्हणून विचारलं. त्याला मी दोष देत नाही. मीही त्या सकाळपर्यंत पानाच्या पिंकेवर ठाम होतो.

आता नारूची चित्रं माझ्या गिरणीत आहेत. मशीनच्या गरमीनं ती भिंत भर पावसातही कोरडी असते, हे मला आधी सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी मी म्हटलं असतं, गिरण आहे की देऊळ. खिळे मीच ठोकले, काच बसवली, आणि खिळ्यांनी गिलावा पडला म्हणून नारूवर ओरडलोही. दळणाला येणाऱ्या बायका पीठ होईपर्यंत चित्रांपुढे उभ्या राहतात. एकीनंही अजून पानाचं नाव काढलेलं नाही. परवा शेजारच्या सातेरीची आई बघत बघत म्हणाली, "कुनाची गं ही, रुसून हुबी ऱ्हायलीय?" मी चाळणीत तोंड घातलं.

नारूची फेरी चालू आहे, लॉजवरची आणि गावातली. नवीन चित्रांतली लाल रेघ अलीकडे बारीक होत चालली आहे, करंडा सरत आलाय. ते मी त्याला बोललो नाही. संध्याकाळी मशीन बंद केलं की तो गिरणीत येतो, काचांवरचा कोंडा टॉवेलनं पुसतो, आणि मी शटर ओढायला लागलो की उंबऱ्यावरून मागे वळून विचारतो, "कोण राह्यलं हाय काय?"

बरेच दिवस मी कुलूप शोधत असल्याचं सोंग करून गप्प राहायचो. काल राहवलं नाही. माझा आवाज गिरणीचा, हळू निघतच नाही. मी भिंतीकडे हात करून ओरडलो, "हाय की! शेवटची गाडी गेली. आता मुक्काम."

नारू माझ्याकडे बघत राहिला. मग चित्रांकडे. सवयीनं त्यानं शिट्टी तोंडाशी नेली आणि तशीच खाली सोडली.

"शटर हळू वड," तो म्हणाला.